ऑकलंड ते वळ, बत्तीस तास

माझ्या नवऱ्याला गाणं येत नाही, भाषण येत नाही, घरातला बल्ब बदलायचा तर शेजारच्याला हाक मारावी लागते. एक गोष्ट मात्र अशी येते की तिच्यासाठी मानकोली नाक्यावर माणसं गाडी बाजूला घेऊन थांबतात. कुठून निघालेला माल किंवा माणूस कुठे किती वाजता पोचणार, हे केसरीनाथ केणे आधीच सांगतात आणि ते बरोबर निघतं. मी बायको असून हे कबूल करते आहे म्हणजे खरं समजा. मी उगाच कौतुक करणाऱ्यातली नाही. तेवीस वर्षं आमच्या वळ गावच्या अंगणवाडीत पोरं सांभाळते आहे, माझा आवाज चढलेलाच असतो आणि तो उतरवायचा कसा ते मला कुणी शिकवलेलं नाही.

ह्यांनी तरुणपणी वीस-बावीस वर्षं ट्रक चालवला. मग गुडघा गेला आणि हे मानकोलीला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात खुर्चीवर बसले. पार्टी येऊन विचारते, "सेठ, इंदूर कब?" हे पटकन काही सांगत नाहीत. आधी ड्रायव्हरला बोलावतात आणि तीन प्रश्न विचारतात: जेवतोस कुठे, आंघोळ कुठे करतोस, सासुरवाडी कुठे. सासुरवाडी धुळ्याच्या आसपास असेल तर दोन तास वाढवायचे. लग्न नवीन असेल तर चार. मग सांगतात, "परसों सुबह सव्वा आठ." आणि तिसऱ्या दिवशी सव्वाआठच्या सुमाराला इंदूरहून माल मिळाल्याचा फोन येतो. एकदा एक गाडी दोन तास आधी पोचली. ड्रायव्हरचं सासऱ्याशी भांडण झालेलं. हे त्या ड्रायव्हरवर असे तापले, की भांडण होतं तर निघताना सांगायला काय झालं होतं.

इथपर्यंत ठीक होतं. पण ही विद्या गावात घुसली ती मयताच्या वाटेनं.

आमच्याकडे कुणी गेलं की लेक येऊन तोंड बघेपर्यंत उचलत नाहीत. सुना असतात, नातू असतात, सगळे असतात, पण लेक आल्याशिवाय कुणी हात लावत नाही. पूर्वी लेकी दिलेल्या असायच्या कशेळी-काल्हेरला, चालत यायच्या. आता कुणाची सुरतेला, कुणाची नाशिकला. दिवस मावळायच्या आत तर आटपायला पाहिजे. मग थांबायचं किती आणि माणसं बोलवायची किती वाजता, हे सांगणार कोण? म्हणून गावात कुणी गेलं की भटजीच्या आधी फोन आमच्याकडे. "केसरीदादा, भैन सुरतेशी निंगाली." हे विचारतात, गाडी कोण चालवतोय. जावई असला तर पंचवीस मिनिटं जास्त, कारण जावई रस्ता विचारत नाही. थोडा वेळ आढ्याकडे बघतात आणि सांगतात, "चार दहा. साडेचारला उचला."

दामूची आई गेली तेव्हा ह्यांनी चार दहाचा टाइम दिला होता आणि भरूचची लेक चार वाजून आठ मिनिटांनी दारात उतरली. जमलेली माणसं रडायची सोडून आधी घड्याळाकडे आणि मग ह्यांच्याकडे बघायला लागली. हे खांबाला टेकून, हळूच मान हलवत उभे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मयताला आलाय की स्वतःच्या सत्काराला, असं घरी आल्यावर मी चांगलं सुनावलं. म्हणाले, "दोन मिन्टं चुकली."

मग गेल्या वर्षी सावळ्याची आई गेली. सावळ्या पलीकडच्या पाड्यावर राहतो, गोदामात माल उतरवतो. त्याची बहीण बायडी मोखाड्याच्याही वर, डोंगरातल्या एका पाड्यावर दिलेली. सकाळी नऊला तिला निरोप पोचला आणि सावळ्या ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. "दादा, बायडी कवा पोचंल?" ह्यांनी तो रस्ता कधी चालवलेला नव्हता. तरी सांगितलं. अंतर एकशेदहा किलोमीटर, घाट धरला, खड्डे धरले, "दुपारी तीन." पाड्यावरची माणसं बिचारी साडेपाचपर्यंत थांबली. मग दिवस जायला लागला, त्यांनी नेलं.

बायडी आली दुसऱ्या दिवशी अकराला. तिच्या पाड्यापासून दोन तास चालल्यावर जीप मिळते, आणि जीप भरल्याशिवाय सुटत नाही. त्या दिवशी बाजार नव्हता, जीप भरली नाही, बायडी दिवसभर जीपजवळ बसून राहिली. ह्यांना ट्रक ठाऊक. ट्रक एकट्या ड्रायव्हरवर सुटतो. गाडी समोर उभी आहे, ड्रायव्हर आहे, डिझेल आहे आणि तरी ती सुटत नाही, हे ह्यांच्या डोक्यात आलंच नव्हतं.

हे पाड्यावर गेले, मी बरोबर होते. ह्यांना शिव्या खायच्या होत्या. बायडीनं कोरा चहा दिला आणि म्हणाली, "दादा, तुमी काय करनार. जीपच भरली न्हाय." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं असं हे परतताना रस्ताभर म्हणत होते. त्यानंतर दोन महिने ह्यांनी गावात कुणाला टाइम दिला नाही. फोन आला की मला उचलायला लावायचे आणि घरी नाही म्हणून सांगायला लावायचे. तेव्हा मात्र मला ह्यांचं फार वाईट वाटलं, ते मी लपवत नाही.

आता मृणालीचं सांगते, म्हणजे आमच्या एकुलत्या एका लेकीचं. ती मानकोलीलाच एका मोठ्या गोदामात कॉम्प्युटरवर बसते आणि कुठली गाडी किती वाजता सोडायची ते ठरवते. बापाचंच काम, फक्त एसीमध्ये. सोमवारी तिच्या कंपनीचं पत्र आलं. तीन वर्षांसाठी न्यूझीलंडला, ऑकलंडच्या गोदामात पाठवतो, शुक्रवार संध्याकाळपर्यंत कळवा. मी तिथल्या तिथे म्हटलं, जा. मी स्वतः विमान फक्त खालून बघितलेलं आहे, पोरीनं तरी आतून बघावं. पण मृणाली म्हणाली, "आई, तुझं झालं. बाबा हो म्हणाले तर जाईन, नाहीतर नाही."

बाबा म्हणाले, "बघू."

आमच्या घरात "बघू" म्हणजे काय हे तीस वर्षांत मला कळलेलं नाही. संध्याकाळी ह्यांनी तिला विचारलं, "किलोमीटर किती?"

"बारा हजार तीनशे."

"आनि टाइम?"

"जाताना उडायचे साडेपंधरा तास. मधे सिंगापूरला विमान बदलायचं, तो वेळ वेगळा."

ह्यांनी आढ्याकडे बघितलं. "म्हंजे आठशेच्या ॲव्हरेजनं मारतो. रस्ता रिकामा असंल तर कोनीपन मारील." एवढं बोलून उठले आणि पुढचे तीन दिवस त्या विषयावर एक शब्द काढला नाही.

बुधवारी माझ्या दिराचा मुलगा प्रितम तणतणत आला, तो विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात कामाला आहे. "काकी, काकांना आवरा. ऑफिसात फोन करून करून डोकं खाल्लं माझं. सिंगापूरला विमान किती थांबतं, येताना पाऊण तास जास्त का लागतो, वारा तोंडावर येतो तर पायलट रस्ता का बदलत नाही. आज विचारत होते, पायलटची सासुरवाडी साधारण कुठे असते."

"मग तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, विमान मधे उतरवता येत नाही. तर म्हणाले, आमचे ड्रायव्हरपन असंच सांगतात."

मला हसू आलं. म्हटलं बरं आहे, माणूस लेकीच्या जाण्याच्या तयारीला लागला, म्हणजे हो म्हणणार. गुरुवारी टीव्ही पुसायला सरकवला तर मागे पुठ्ठा सापडला. हे हिशेब नेहमी खोक्याच्या पुठ्ठ्यावर करतात, कागदावर डोकं चालत नाही म्हणतात. वर लिहिलं होतं, ऑकलंड ते वळ. मी दोनदा वाचलं. जाण्याचा नव्हता, येण्याचा होता.

तसाच्या तसा सांगते. फोन लागून नीट कळायला अर्धा तास. रडायला एक तास. सुट्टी, तिकीट, बॅग मिळून चार तास. घरातून तिकडच्या विमानतळावर एक तास. तिथे आधी जाऊन बसायचे तीन. सिंगापूरपर्यंत पावणेअकरा. सिंगापूरला थांबा तीन. तिथून मुंबई साडेपाच. बाहेर पडायला एक. मुंबई विमानतळ ते वळ, पस्तीस किलोमीटर, दोन तास. त्याच्यापुढे कंसात लिहिलेलं, तेवढ्यात विमान सोळाशे जातं. मग फाट्यावर कंटेनर आडवा असणार त्याचा पाव तास. एकूण बत्तीस तास. आणि त्याच्याखाली एकच शब्द: बरफ, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. हे ओट्यावर बसून तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी खात होते. मी पुठ्ठा ताटासमोर आपटला.

"हे काय हाय?"

"अंदाज."

"मयत कुनाचं?"

"कुनाचं न्हाय. नुसतं धरलंय."

"धरलंय कुनाला?"

ह्यांनी हातातला भाकरीचा तुकडा स्वतःकडे वळवून दाखवला आणि मग तोच चटणीला लावून खाल्ला.

मग मी जे बोलले ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. अठ्ठावन्न वय, बीपी नाही, साखर नाही, दोन वेळा ढीगभर भात, दहा वर्षांत सर्दीपलीकडे दुखणं नाही. पोर चाललीय नोकरीला, आणि बाप स्वतःच्या मयताचं टाइमटेबल काढतोय, वर बरफाची चौकशी. मी म्हटलं, जायची एवढी घाई असेल तर मला सांगा, मी आजच करते काहीतरी. हे खात राहिले. माझा दम संपला तेव्हा ह्यांनी हात धुतले आणि हळू आवाजात म्हणाले, "मैना, आपलं गाव नऊ तासांच्या वर कुनासाठी कवा थांबलं न्हाय. बत्तीस कोन थांबंल? बायडी एकशेदा किलोमीटरवर होती, तिला आईशीचं तोंड बघाया भेटलं न्हाय. ही तं बारा हजारावर चालली."

"मंग न्हाय म्हनून टाका. मोकळे व्हा."

"न्हाय कसं म्हनू? तसं म्हनायचं म्हंजे पोरीला हितं बसवून माझ्या मरनाची वाट बघाया लावायची."

मी ताट उचललं आणि आत गेले. हे मागून म्हणाले, उद्या संध्याकाळपर्यंत टाइम हाय, बघू.

शुक्रवारी सकाळी नऊला हे दाढी करत बसले होते. मृणाली आंघोळ करून आली. "बाबा, काही ठरलं का?"

"सांजच्याला सांगतो."

"तिकडची संध्याकाळ, बाबा. तिकडचं घड्याळ आपल्या साडेसहा तास पुढे आहे. तिकडे पाच वाजतात तेव्हा इथे सकाळचे साडेदहा असतात. आता दीड तास राहिला."

ह्यांच्या एका गालावर साबण तसाच. साऱ्या मानकोलीला टाइम देणारा माणूस, त्याच्या हातातला आख्खा दिवस गेला. "हे आदी सांगायचं ना, गो."

"मला वाटलं तुम्हाला माहीत असणार. तुम्हाला टाइमचं कोण सांगायला जातं?"

हे आरशात बघत बसले. मला राहवेना. मी आतून पुठ्ठा आणला आणि पोरीच्या हातात दिला. म्हटलं, तुझ्या बापाला तोंड नाही, हे वाच. हे उठायला गेले, पण गुडघ्यामुळे ह्यांना पटकन उठता येत नाही, तोवर तिनं वाचायला घेतलं होतं.

मला वाटलं आता पोरगी रडणार. मी पदर तयार ठेवला होता. पण तिनं ऑफिसचा कागद वाचावा तसं एकेका ओळीवरून बोट फिरवलं, शेवटपर्यंत गेली आणि पुन्हा वर आली.

"बाबा, ह्यात चूक आहे."

"कुटं?" ह्यांना मरणापेक्षा चुकीचं जास्त लागलं.

"रडायला वेगळा तास कशाला धरलात?"

"मंग? बाप मेल्यावर रडशील न्हाय?"

"रडेन की. पण विमानात. सव्वासोळा तास नुसती बसून असणार, तिथे दुसरं काय काम आहे मला? घरी रडत बसण्यापेक्षा तेवढ्यात तिकीट होईल."

ह्यांनी पुठ्ठा तिच्याकडून घेतला. मग हात पुढे केला, तिनं पेन दिलं. ह्यांनी ती ओळ खोडली, बत्तीसवर काट मारली आणि एकतीस लिहिलं. पेन परत देत म्हणाले, "बाजूला बसलेलं मानूस काय म्हनंल?"

"खिडकीची सीट घेईन."

"हां. मंग जमंल."

मी दारात उभी राहून हे ऐकत होते. बापलेक एका मयताचा एक तास वाचवून खूश झाले होते, आणि ज्याचं मयत तो अर्ध्या दाढीनं समोर बसलेला. ओरडायचं सोडून मी हातातला पदर कमरेला खोचला. माझं असं सहसा होत नाही.

"आता सांगा," मृणाली म्हणाली. "एकतीस तासांमुळे अडलंय का? गाव थांबणार नाही म्हणून?"

"गाव थांबंल गो," हे म्हणाले. गालावरचा साबण वाळून गेला होता. "बरफ आनला की थांबंल. गावाचं काय न्हाय. पन सांगनारा लागतो. कोनीतरी उभं राहून सांगावं लागतं, की ती यवढ्या वाजता येतेय, तवर कोनी हात लावायचा न्हाय. दामूच्या आईशीच्या टायमाला मी होतो. समद्यांच्या टायमाला मीच होतो. माझ्या टायमाला कोन सांगनार?"

तीस वर्षांच्या संसारात हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. आता डोळ्यांसमोर उभं राहिलं. अंगणात माणसं जमलेली, सगळे एकमेकांना विचारतायत कधी पोचेल, आणि ज्याला विचारायचं तो मधे निजलेला.

मृणाली ह्यांच्यासमोर पाटावर बसली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज ठीक होता. "मी सांगेन. तिथून निघताना फोन करून गावाला टाइम देईन."

"चुकलीस तर?"

"नाही चुकणार. मी तेच काम करते."

"मानसं घाई करतात. भटजी लई घाई करतो, त्याला पुढं दुसरीकडं जायचं असतं. आयकायचं न्हाय. आपन एकदा टाइम दिला की दिला."

"हो."

"आनि दहा मिन्टं हातची ठेवायची. ती कोनाला सांगायची न्हाय. आईशीलापन न्हाय."

"हो बाबा."

ह्यांनी पुठ्ठा एकदा डोळ्यांजवळ नेला, सगळी बेरीज पुन्हा केली आणि तिच्यापुढे धरला. "मंग हा तुझ्याकडंच ठेव. माझ्याकडं राहून काय उपेग, त्या दिवशी मना वाचता यनार न्हाय."

तिनं तो घेतला, मधोमध दुमडला आणि पासपोर्टच्या पाकिटात घातला. दहा वाजून वीस मिनिटांनी तिनं कंपनीला हो कळवलं.